डावखुरा

मेसाकच्या पठारावर पाय ठेवायला जागा नाही.
गर्दी आहे ती दगडांची,
काळ्या, उन्हानं तुकतुकीत झालेल्या,
आणि त्यातला दर दुसरा दगड
कुणीतरी हातात धरून फोडलेला.
टवके, कपच्या, बोथट झालेल्या कुऱ्हाडी,
मध्येच टाकून दिलेली कामं,
जणू कारागीर पाणी प्यायला उठला
आणि तो पोचेपर्यंत तळंच आटलं.

मबरूका दोरीचा चौकोन टाकते, मीटर बाय मीटर.
ती दगड उचलते, बोलते, मी वहीत लिहितो:
लांबी, जाडी, धार कुठल्या अंगाला.
सत्तर. ऐंशी. एका चौकोनात एकशे बारा.
पश्चिमेला तेल कंपनीचा जुना रस्ता आहे,
बुलडोझरनं दोन्हीकडे दगड सारून काढलेला,
सरळ, भांगासारखा.
तिकडे ती चौकोन टाकत नाही.
तिकडे बघतही नाही.

उक्सेम गाडी चालवतो. मोजणं त्याचं काम नाही.
गाडीच्या सावलीत बसून तो चहा ओततो,
उंचावरून, फेस चढेपर्यंत,
डाव्या हातानं.
लहानपणी आईनं हा हात
उंटाच्या दोरीनं कमरेला बांधून ठेवला होता.
एकदा पाहुण्यांदेखत तोच परातीत गेला
तेव्हा मामा सगळ्यांसमोर उठून तंबूबाहेर गेला
आणि दोन दिवस बोलला नाही.
‘ऐकत नाही हा,’ उक्सेम सांगतो,
शेजाऱ्याच्या बकरीविषयी सांगावं तसं.

चौथ्या दिवशी एक हातकुऱ्हाड निघाली
जी कुणाच्याच हातात बसेना.
मबरूकानं फिरवून पाहिली, मी पाहिली.
बोटाखाली उंचवटा येई,
अंगठ्याला आधार नाही, टोक भलतीकडे.
‘शिकाऊ असेल,’ ती म्हणाली.
मी लिहिलं: घडण सदोष.

उक्सेम रिकामे पेले न्यायला आला होता.
दोन पेले उजव्या हातात होते,
म्हणून त्यानं ती दुसऱ्यानं उचलली.

अंगठा आपण होऊन खाचेत गेला.
तळवा भरला.
बोटं एकामागून एक जागेवर बसली,
अंधारात घरातली माणसं
आपापल्या अंथरुणावर जावीत तशी.
तो काही बोलला नाही.
पेले वाळूत ठेवले,
मनगट एकदा वळवलं, हवेत, हलकेच,
कातडं सोलताना वळवतात तसं,
आणि धार बरोबर तिथं आली
जिथं ती यायला हवी होती.

‘एका दगडावरून काही सिद्ध होत नाही,’
मबरूका म्हणाली. खरं आहे.
दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज जरा बसला:
‘तरी धर. तसाच धर. मला बघू दे.’

इथं तेव्हा गवत होतं म्हणतात, पाणी होतं,
पाण्यावर येणारी जनावरं होती.
त्यांच्यात डावं-उजवं करणारं कुणी होतं का,
कुणाचा हात कुणी बांधला होता का,
हे दगड सांगत नाही.
दगड एवढंच सांगतो:
खाच इथं हवी होती, इथं केली.

जिथून उचलली तिथं फिकट वाळूत
तिचा ठसा राहिला होता, बोटभर खोल.
उक्सेमनं गुडघे टेकून ती परत ठेवली,
काळी बाजू वर,
तांबूस, उन्हाला अनोळखी बाजू खाली,
टोक कोरड्या दरीकडे, होतं तसं.
मग कडेची वाळू फुंकून नीट केली.
मी वहीतले दोन शब्द खोडले.
त्यांच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही.

रात्री एकाच परातीभोवती आम्ही जेवलो.
उक्सेम उजव्यानंच जेवला, नेहमीसारखा,
हळू, कणभर सांडत.
डावा मांडीवर पडला होता,
उताणा, बोटं किंचित मिटलेली,
कसलातरी आकार
अजून सोडवत नसल्यासारखा.